माळढोकाची तिसरी चौकट

दुसऱ्याच्या फोटोतली चूक मला लगेच दिसते. हा गुण आहे की रोग, ते अजून ठरलेलं नाही. लग्नाला गेलो तरी माझं पंगतीत लक्ष नसायचं. समोरच्या भिंतीवर टांगलेल्या आजोबांच्या एका कानावर उजेड आहे आणि दुसरा कान अंधारात गेलाय, तिकडेच नजर जायची. आमची ही म्हणायची, "तुमच्या फुड्यात देव हुबा ऱ्हायला तरी तुमी म्हणताल, मान जरासक वर पायजे व्हती."

मी बन्सीधर. जिंतूरला बाजाराच्या रस्त्यावर माझा फोटो स्टुडिओ होता. हैदराबादला एका म्हाताऱ्या उस्तादाच्या हाताखाली नऊ वर्षं काढली होती, त्यामुळे मलाही लोक उस्ताद म्हणत आणि मला ते आवडायचं. निजामाचं राज्य गेलं, पुढं छप्पन साली आम्ही मुंबई राज्यात गेलो, पण नवरा-नवरी, मयताच्या आधीचा घाईचा फोटो आणि पोळ्याचे सजवलेले बैल, ही माझी गिऱ्हाइकं काही बदलली नाहीत.

पण एक सांगतो. नुसती नावं ठेवणारे गल्लोगल्ली पडलेत, मी तसला नव्हतो. मी चूक दाखवायचो आणि लगेच तिच्यावर उपायही सांगायचो. या गोष्टीचा मला भारी गर्व होता, आणि पुढचं सगळं त्या गर्वापायीच झालं.

अठ्ठावन्न सालच्या आषाढात, बाजाराच्या दिवशी, शिवरुद्र गुरुजी पहिल्यांदा दुकानात आले. चारठाण्याच्या शाळेत मास्तर. लिंगायत घरातला माणूस; कपाळाला भस्म, गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी. पोलीस ॲक्शननंतर तालुका सोडून गेलेल्या एका तहसीलदाराचा घडीचा कॅमेरा त्यांच्याकडे होता. त्यांनी आधी धोतराला हात पुसले, मग पिशवीतून फोटो काढून माझ्यासमोर ठेवला.

"उस्ताद, कसं आलंय?"

मी बघितलं. खाली गवत, वर आभाळ, मधे आणखी गवत.

"गुरुजी, गवत फार सुंदर आलंय," मी म्हणालो.

ते हसले. रागावले नाहीत. करंगळीचं टोक फोटोवर टेकवून म्हणाले, "ही बगा. माळढोकाची मादी."

टोकाखाली तांदळाएवढा ठिपका होता.

मग त्यांनी सगळं सांगितलं. "पोरांच्या पुस्तकात मोर हाय, पोपट हाय, हंस हाय. हंस आपल्या तालुक्यात कुणी बगितला? आन् ह्ये मांडीएवढं उंच पाखरू रोज आमच्या माळावर हिंडायलंय, तर पोरं काय इचारतात? गुरुजी, ह्याचं कालवण कसं लागतंय?" त्यांनी लिंबाजी सुताराकडून तीन चौकटी करून घेतल्या होत्या. शाळेच्या भिंतीवर ओळीनं लावायच्या. पहिलीत मादी, दुसरीत मादी आणि तिचं 'ते', तिसरीत पिल्लू. अंडं हा शब्द त्यांच्या आई सिद्धम्मा घरात उच्चारू देत नसत, म्हणून त्यांना बाहेरही 'ते'च म्हणायची सवय लागली होती.

"वरसाला एकच घालती, उस्ताद. तीन वरसं झाली बगायलोय. एकदा कोल्ह्यानं नेलं, एकदा कुत्र्यांनी, गेल्या साली पोरांनी फोडलं. यंदा पिल्लू बगायचंच."

मला माणूस आवडला. मी बाही सरसावून चुका सांगितल्या. लांबून काढलाय, जवळ जा. सूर्य समोर घेतलाय, तो आपल्या पाठीशी ठेवा म्हणजे उजेड तिच्या तोंडावर पडेल. उभ्यानं काढलाय, खाली बसा, तिच्या डोळ्याच्या उंचीवर या.

ते वहीत लिहून घेत होते. वर न बघता म्हणाले, "मानूस दिसला की शंभर पावलांवरूनच चालाया लागती. जवळ कसं जावं?"

"ते मला विचारू नका," मी म्हणालो. "मी वरबापांचे फोटो काढतो. ते पळत नाहीत."

नागपंचमी झाल्यावर ते परत आले ते तोंडभर हसतच. उपाय त्यांनी स्वतःच शोधला होता. चारठाण्यात तानुबाई नावाची बाई गावाच्या म्हशी राखायची. माळढोक माणसाला भितो, पण गुराढोरांना भीत नाही. गुरुजी घोंगडी पांघरून, कमरेत वाकून, एका म्हशीच्या पाठीवर हात ठेवून दोन म्हशींच्या मधून चालत गेले. गावानं पोट धरून हसून घेतलं. तानुबाई म्हणे त्यांना बजावत होती, "गुरजी, शिंगाकडून चालू नगा, तिला नवं मानूस आवडत न्हाई."

"आन् उस्ताद, त्ये घातलंय तिनं! पंचमीच्या दिशी बगितलं."

फोटो बघितला. मादी जमिनीला चिकटून बसली होती, चांगली तळहाताएवढी आली होती. पण गवताची एक काडी नेमकी डोळ्यावरून गेली होती.

"डोळा दिसला पाहिजे," मी म्हणालो. "डोळा नाही तर फोटो नाही. ते पुढचं गवत उपटून टाका."

पहिल्यांदाच त्यांनी वहीत लिहिलं नाही. "उपटलं तर तिनं कुटं लपावं? वर घारी हायत. ऊन हाय."

"मग राहू द्या तसाच," मी जरा तुसडेपणानंच म्हणालो.

आठ दिवसांनी त्यांनी नवा फोटो आणला. गवत बाजूला झालं होतं आणि डोळा लखलखीत होता. मी विचारलं तर त्यांनी खिशातून पांढऱ्या दोऱ्याचं भेंडोळं काढून दाखवलं. मादी चरायला गेल्यावर त्यांनी समोरचं गवत दोऱ्यानं बाजूला बांधलं, ती परतल्यावर फोटो काढला, आणि ती पुन्हा उठून गेल्यावर दोरा सोडवून गवत होतं तसं केलं. त्यासाठी तीन दिवस म्हशींच्या मागं हिंडले. माझ्या सल्ल्यापेक्षा त्यांचा उपाय चांगला होता. तिथंच मला अक्कल यायला हवी होती.

त्याऐवजी मला हेवा वाटला. स्पष्टच सांगतो. नऊ वर्षं उस्तादाच्या शिव्या खाऊन आणि वीस वर्षं दुकान चालवून मी असा एकही फोटो काढला नव्हता. मादी मान वळवून बघत होती, आणि ती आपल्याला बघते आहे असं वाटत होतं.

"उस्ताद, कसं आलंय?"

"चांगलं आलंय," मी म्हणालो, "पण."

माझ्या प्रत्येक 'चांगलं'नंतर हा 'पण' यायचाच. गुरुजी त्याचीच वाट बघत पेन्सिल धरून बसायचे.

"पण हे पाखरू कुठलं? परभणीचं की पंजाबचं? मागं नुसतं गवत. फोटोला गाव पाहिजे. तुमच्या चारठाण्याची एवढी जुनी देवळं, एखादं शिखर मागं येऊ द्या. एखादं झाड येऊ द्या. बघणाऱ्याला कळलं पाहिजे की ही आपल्या मातीतली आहे."

गुरुजींनी पेन्सिल वहीवर आडवी ठेवली. मग म्हणाले, "जागा कळू न्हाई मनूनच मी शिखर टाळायलोय, उस्ताद."

"अहो, शाळेतच लावायचा ना? पोरांना काय कळतंय!"

मी त्यांचा उस्ताद होतो. त्यांनी लिहून घेतलं.

तो शेवटचा फोटो मी आजही डोळे मिटून सांगू शकतो. मादी अर्धवट उठलेली. पोटाखाली अंड्याची कड, शेवाळी रंगाची असावी, फोटोत करडी आलेली. डोळ्यात उजेडाचा ठिपका. तिच्या मागं वाकडी बाभूळ, आणि बाभळीच्या बरोबर वर, क्षितिजावर, देवळाचं शिखर. माझ्या सगळ्या सूचना एका कागदावर उतरल्या होत्या.

"चांगलं आलंय, पण उजवीकडं आभाळ जरा जास्त झालंय."

"ते कापू की," गुरुजी म्हणाले. त्यांनी निगेटिव्ह माझ्या हवाली केली. दुसऱ्या चौकटीसाठी मोठा करून हवा होता. उठताना त्यांनी दोन्ही हात माझ्या टेबलावर ठेवले. "येवढा मातर कुणाला दावू नका. तानुबाई म्हणती, महिन्याला दोन-चार दिस कमी लागतात. पोळ्याच्या आसपास निगल. पिल्लू निगालं, चालाया लागलं, की मंग खुशाल दावा."

"गुरुजी, माझ्या पोटातून बाहेर येत नाही," मी म्हणालो.

पोटातून नाही आलं. हातातून गेलं.

मी फोटो मोठा केला. माझं मोठं करायचं यंत्र म्हणजे पत्र्याची पेटी, आत गॅसबत्ती, पुढं भोक आणि भोकाला काच. तसल्या यंत्रावर इतका साफ कागद मी कधी उतरवला नव्हता. वाळवून समोर धरला आणि मला वाटलं, हा माझा आहे. मीच सांगितलं जवळ जा, मीच सांगितलं डोळा, मीच सांगितलं शिखर. पोळ्याच्या आदल्या दिवशी बाजारात मरणाची गर्दी होती. झुली, गोंडे, घुंगरू घ्यायला अख्खा तालुका लोटला होता. मी मनाशी म्हणालो, एकच दिवस. आणि फोटो दुकानाच्या काचेच्या कपाटात, रस्त्याकडं तोंड करून लावला.

दुपारी काचेपुढं जीप थांबली. किशनराव ठेकेदार उतरले. येलदरीला धरणाचं काम सुरू झालं होतं, तिथं दगड पुरवायचा ठेका त्यांच्याकडं होता. मोठा माणूस, हसतमुख, दुनळी बंदुकीचा शौकीन. साहेबलोकांना शिकारीला घेऊन जायचे. त्यांच्या सगळ्या समारंभांचे फोटो माझ्याकडेच असत.

"बन्सीधर, ह्यो कुणी काढला?"

मी खरं तर तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण कुणीतरी फोटोचं कौतुक करतंय म्हटल्यावर माझी जीभ सुटली. "आमचे एक शिष्य आहेत," मी म्हणालो. "मीच तयार केलेत."

"येवढ्या जवळून? बंदुकीच्या टप्प्याबाहेर ऱ्हायची जात ही. आमाला चार-चार दिस हुलकावनी देती."

"त्याला युक्ती लागते," मी म्हणालो. "म्हशींच्या आडून जायचं. जनावराला ती भीत नाही."

किशनरावांनी काचेला नाक लावलं. बोटानं बाभळीपासून शिखरापर्यंत एक रेघ ओढली. "चारठाण्याचं शिखर. आन् ही वाकडी बाभळ. दोन्ही एका रेषेत आली की झालं." ते स्वतःशीच हसले. "लय झ्याक फोटू हाय बन्सीधर. नकाशाच हाय."

 तेव्हा कुठं मला कळलं, मी काय केलं ते.

"साहेब," मी म्हणालो, "तिला नका मारू. अंड्यावर बसलीय हो ती."

"आस्सं?" त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मंग उडायची न्हाई लवकर. बरंच झालं सांगितलंस."

मी काहीही बोललो तरी ते त्यांच्याच उपयोगाचं ठरत होतं.  जाताना ते जीपमधल्या माणसाला म्हणाले, "उद्या पोळा. समदे गावात आसत्यात. माळावर कुणी नसनार."

मी फोटो काढून आत ठेवला. आता काढून काय उपयोग होता? चारठाण्याची शेवटची एसटी सुटून गेली होती. बाजारात चारठाण्याचा एक माणूस भेटला, त्याच्याजवळ चिठ्ठी दिली. तो नव्या झुली गाडीत घालून घाईत निघून गेला. चिठ्ठी त्याच्या खिशातच राहिली, हे मला नंतर कळलं. पोळ्याच्या धांदलीत कुणाला चिठ्ठी आठवते?

सकाळच्या पहिल्या गाडीनं मी निघालो. दुकान बंद ठेवलं. पोळ्याच्या दिवशी दुकान बंद ठेवणारा फोटोवाला जिंतूरनं पहिल्यांदाच बघितला. गाडी निम्मी रिकामी होती. मी मनात गुरुजींना सांगायची वाक्यं जुळवत होतो. आधी माफी मागायची की आधी माळावर पळायला सांगायचं, हेही ठरत नव्हतं. चारठाण्याच्या अलीकडं एक ओढा आहे. वरच्या अंगाला पाऊस झाला असावा. पाणी रस्त्यावरून गुडघ्याच्या वर, लाल, फेसाळ चाललं होतं. ड्रायव्हरनं गाडी थांबवली, खाली उतरून पाण्यात काठी घातली आणि बिडी पेटवली.

"पाणी उतरल्याबिगर न्हाई जात गाडी."

"किती वेळ?"

"पाण्याला इचारा."

मी धोतर खोचून पाण्यात उतरलो. दहा पावलांत पाय सुटला. ड्रायव्हरनं आणि एका म्हाताऱ्यानं दंडाला धरून मला मागं ओढलं. म्हातारा म्हणाला, "येवडं काय अडलंय बाबा? कुणी मेलंय का?" मी म्हणालो, "अजून नाही." त्याला ते समजलं नाही.

मी काठावर ओला बसलो होतो तेव्हा मागून जीप आली. उंच चाकांची. किशनरावांनी मला ओळखलं, हात केला. मी उठून आडवा गेलो, हात जोडले. खरोखर जोडले. "साहेब, एक दिवस थांबा. पिल्लू निघू द्या. मग मी तुम्हाला स्वतः..." मी स्वतः काय करणार होतो, देव जाणे. जीपच्या आवाजात त्यांना शब्द ऐकू गेले नसावेत. त्यांना वाटलं, मी सोबत न्या म्हणतोय. "फोटू नंतर, फोटू नंतर!" असं हसून ओरडत त्यांनी जीप पाण्यात घातली. पाणी दोन्ही बाजूंनी उडालं आणि जीप पलीकडं निघाली.

मी तिथं अडीच-तीन तास बसून होतो. दुसरं काहीच करता येत नव्हतं. पलीकडून कुठल्यातरी वाडीतला हलगीचा आवाज येत होता. ड्रायव्हर पान खात होता, म्हातारा मला त्याच्या बैलाच्या शिंगाबद्दल सांगत होता. पाणी घोट्याला आलं आणि ड्रायव्हरनं गाडीत बसायला सांगितलं, तेवढ्यात समोरून जीप परत आली.

"आरं वा, हितंच हायस! बरं झालं. बस, चल दुकानात. पिसं हायत तवर फोटू काढ."

मी 'नाही' म्हणू शकलो असतो. लोक विचारतात, 'नाही' का म्हणाला नाहीस? मी एसटीत बसून चारठाण्याला जाऊ शकलो असतो. पण तिथं जाऊन आता कुणाला काय सांगायचं होतं? आणि किशनराव ठेकेदाराला तोंडावर नकार देणारा माणूस मी नव्हतो. मी जीपच्या मागच्या बाकावर बसलो. ती माझ्या पायांजवळ पडली होती. मान सीटखाली वळली होती. खड्डा आला की पंख उघडायचा आणि माझ्या पायाला लागायचा.

"मादीच निगाली," किशनराव पुढून म्हणाले. "नर आसता तर दुप्पट भरला आसता. माळावर दोन मोकळ्या म्हशी घावल्या, तुजी युक्ती लागू पडली बरं. खाली अंडं व्हतं, पर मी हात लावला न्हाई. ते पाप कशाला घ्या?"

दुकानात पडदा सोडला. किशनराव खुर्चीत, बंदूक मांडीवर, मादी पायाशी. मी काळ्या कापडाखाली डोकं घातलं. काचेवर सगळं उलटं दिसत होतं. पाखरू वर, ठेकेदार खाली. आणि मग मी जे केलं ते सांगायची लाज वाटते. मी कापडाबाहेर आलो, खाली वाकलो, आणि तिची मान उजेडाकडं वळवली. डोळ्यावर एक पीस आलं होतं, ते बोटानं बाजूला केलं. कुणी सांगितलं नव्हतं. हाताला सवय होती.

फोटो उत्तम आला. किशनरावांनी कपाटात, पहिला फोटो होता त्याच जागी, तो लावायला लावला. त्यांची जीप रोज त्या रस्त्यानं जायची, त्यामुळे तो काढायची माझी हिंमत झाली नाही.

चौथ्या दिवशी गुरुजी आले. मी आतून त्यांना बघितलं. ते कपाटापुढं उभे राहिले. हातात पिशवी नव्हती. डावा हात छातीशी धरलेला होता, हात दुखावल्यासारखा. बराच वेळ उभे होते. मी मागच्या दारानं निघून जावं असा विचार करत होतो.

ते आत आले, समोर बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी म्हणालो, "गुरुजी, मीच लावला होता. मीच सगळं सांगितलं. मला जोड्यानं मारा."

"कळालं," ते म्हणाले. "चिठ्ठी काल मिळाली." मग कपाटाकडं बघून, मी ज्या आवाजात त्यांना शिकवायचो त्याच शांत आवाजात म्हणाले, "फोटू चांगला आलाय, उस्ताद. गवत कुटं आडवं न्हाई. उजेड तोंडावर हाय. डोळा साफ हाय. जवळून घेतलाय. मला तर यात काय चूक घावंना."

ते टोमणा मारत नव्हते. त्यांना टोमणा मारता येत नव्हता. ते खरोखर चूक शोधत होते, मी शिकवल्याप्रमाणे, आणि ती त्यांना सापडत नव्हती. मला रडू आलं. मी त्यांच्यासमोर रडलो आणि ते माझं रडणं संपायची वाट बघत बसले.

मग त्यांनी सदऱ्याच्या आत हात घातला. इष्टलिंगाच्या डबीशेजारी, त्याच गळ्यात, दुसरं फडकं बांधलं होतं. त्यांनी ते सोडलं. आत ते होतं.

"पोळ्याच्या सांजंला गेलो तवा घावलं. हलग्या वाजत व्हत्या, बार कुणालाच आयकू आला न्हाई. हात लावला तर जरासक कोमट व्हतं." जन्मात ज्या वस्तूचं नाव घेतलं नव्हतं ती त्यांनी ओंजळीत धरली होती. "तानुबाईच्या कोंबडीखाली ठिवलं. तिनं टोचा मारून ढकलून दिलं, लय मोठं पडलं तिला. मंग मीच घेतलं. आईनं ताट वसरीवर मांडलंय माजं, चुलीपशी येऊ देत न्हाई. बायको महानंदा राखंवर फडकी गरम करून देती. आज चार दिस झाले. झोपलो बी बसूनच."

"निघायचे दिवस..."

"झाले. भरले." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तुमच्या त्या पेटीत बत्ती आसती ना? तिच्या भोकापुढं धरलं तर आतलं दिसल. बगता का?"

मी अंधाऱ्या खोलीत गॅसबत्ती पेटवली. पेटीची काच काढली. गुरुजी भोकाशी वाकले. मी त्यांच्या हातातून अंडं घेतलं. ते त्यांच्या छातीच्या उबेनं गरम होतं, त्यामुळे मला क्षणभर आशा वाटली. भोकापुढं धरलं.

वरच्या रुंद टोकाला थोडी जागा लाल-पिवळी उजळली. खाली सगळं काळं, भरलेलं. एका कडेला आतून काहीतरी अणकुचीदार टेकलं होतं. चोच असावी. पिल्लू पुरतं तयार झालं होतं. मी त्या चोचीवर नजर ठेवली आणि फोटो काढताना मोजतो तसे मनात आकडे मोजले. साठपर्यंत मोजले. परत एकपासून साठपर्यंत मोजले. काही हललं नाही. कडेनं जीव असल्याची एखादी लाल शीर दिसावी म्हणून मी ते हळूहळू फिरवलं. शीर नव्हती.

गुरुजी माझ्या खांद्यावरून बघत होते. त्यांना काय दिसत होतं, ते त्यांना समजत नव्हतं. काय बघायचं हे त्यांना नेहमी मीच सांगत आलो होतो. त्यांचा श्वास माझ्या कानाशी लागत होता.

"उस्ताद," ते हळू आवाजात म्हणाले, "कसं आलंय?"

बत्तीचा आवाज येत होता. 

"चांगलं आलंय," मी म्हणालो.

ते थांबले. 'पण' येईल म्हणून माझ्या तोंडाकडं बघत राहिले. 'पण' आला नाही. मग त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी माझ्या हातातून अंडं घेतलं, फडक्यात नीट गुंडाळलं, सदऱ्याच्या आत छातीशी ठेवलं, आणि वर गुंडी लावली.